किनारा नेमका कुणाच्या ताब्यात?

'नगरसेवक किनाऱ्यासाठी काहीच करत नाहीत' हा राग समजतो, पण कोकणातल्या छोट्या नगरपरिषदेच्या हातात किनारा असतो तरी किती? कचरा, दिवे, गटारं, संडास, एवढंच. जेटी मेरीटाइम बोर्डाची, वाळू महसूल खात्याची, भरतीरेषेजवळच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम. आणि मासेमारी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे, तीही १२ सागरी मैलांपर्यंतच. त्यापलीकडे केंद्राचा अंमल.

पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळायचं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांचा वाद इथेच अडकतो. एलईडी लावून मासे पकडायला केंद्राने २०१७ सालीच बंदी घातली. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१चा. २०२१मध्ये त्यात दंड बराच वाढवला आणि निवाड्याचं काम तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांना दिलं. कागदावर सगळं चोख आहे. पण बारा वाव (सुमारे सत्तर फूट) खोल पाण्यात रात्री दिवे दिसले म्हणून फोन केला, तर पाठलाग करायला गस्तीनौका जवळ असायला हवी ना! तोवर बोट पसार. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी सकाळी ओढायचं काय मग?

तरी नगरपरिषद निवडणुकीत प्रत्येक उमेदवार 'पारंपरिक मच्छीमारांना न्याय' देणार असतो. नगराध्यक्ष थेट मतांनी निवडायचा झाल्यापासून तर जास्तच. कुणी मत मागायला दारात आला की त्याला मासळी बाजाराचं सांडपाणी कुठे जातं ते विचारा. ते खरोखर त्याचं काम आहे, आणि नेमकं त्यावरच तो गप्प होतो.