मदत हवी आहे: मुलांना आपल्यासारखी मोकळी उन्हाळ्याची सुट्टी कशी मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझं बालपण उपनगरातल्या एका शांत गल्लीत गेलं. सुट्टी लागली की सकाळी जे बाहेर पडायचो, ते रस्त्यावरचे दिवे लागल्यावरच घरी. कुणाच्या फाटकाशी सायकली आडव्या पडलेल्या दिसल्या की समजायचं, आज सगळे इथेच जमलेत. राज्य कुणावर, कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आणायचा कुणी, यावरून कडाक्याची भांडणं व्हायची आणि ती आमची आम्हीच मिटवायचो. मोठी माणसं मध्ये पडतच नसत. मला वाटतं, खरी मजा त्यातच होती.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. शेजारी तिच्या वयाची मुलं आहेत, पण प्रत्येकाची सुट्टी शिबिरं आणि क्लासमध्ये वाटून गेलेली. उरलेला वेळ मोबाइल. ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं तरी दमवणारी हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे तेवढंही होत नाही, याचं फार वाईट वाटतं.

कुणी शेजारच्या पालकांशी बोलून रोजची एक वेळ मुलांसाठी मोकळी ठेवली आहे का? सुरुवात कशी केलीत? गाड्यांची वर्दळ असताना लक्ष कसं ठेवायचं, तेही मुलांच्या खेळात लुडबुड न करता? आणि धाकट्यांना मोठी मुलं सामावून घेतात का? (आमच्याकडे ते कच्चं लिंबू असायचे.) सविस्तर लिहा, सुट्टी तोंडावर आली आहे.