येस, जेनेसिस, क्रिमझनचे लाईव्ह अल्बम: सुरुवात कुठून करू, आणि ते खरंच लाईव्ह असतात का?

जुळेसोलापूरवाला

नमस्कार मंडळी, वर्षभर झालं ब्रिटिश प्रोग (प्रोग्रेसिव्ह) रॉक ऐकायलोय, येस, जेनेसिस, किंग क्रिमझन, पिंक फ्लॉइड, आणि आतापर्यंत सगळे स्टुडिओ अल्बमच ऐकलेत. मी गारमेंटमध्ये कटिंग टेबलवर असतो, शाळेच्या युनिफॉर्मचं काम, सीझन नसला की कानात हेडफोन घालून वीस-वीस मिनिटांचं गाणं निवांत ऐकता येतं.

परवा पहिल्यांदा येसचा लाईव्ह अल्बम 'येससाँग्ज' लावला, 1973 चा, तीन एलपींचा. लई अपेक्षा होती. पण आवाज असा गढूळ की स्टुडिओच्या 'क्लोज टू द एज'मध्ये बेस, ऑर्गन, गिटार जे सुटं सुटं ऐकू येतं ते इथं एकात एक मिसळलेलं, आणि वेगपण जास्त वाटला. माझा रूम पार्टनर म्हणतो की लाईव्ह अल्बम सगळे नंतर स्टुडिओत बसून दुरुस्त करतात, चुका काढून टाकतात, मग त्याला लाईव्ह कशाला म्हणायचं बे. मला ते पटलं नाही पण उत्तर पण देता आलं नाही.

तर दोनच प्रश्न. स्टुडिओत एवढं सुंदर रेकॉर्ड झालेलं असताना लाईव्ह का ऐकायचं? आणि ऐकायचंच तर पहिला कुठला? मोठी यादी देऊ नका, दोन-तीन सांगा पण का ते सांगा.

रेल्वेलाईन्सचे काका

प्रश्न चांगला विचारलात. मी आधी 'क्लोज टू द एज'वरच बोलतो कारण तुम्ही नेमकं योग्य गाणं धरलंय.

ते स्टुडिओत सलग वाजवलेलंच नाहीये. 1972 मध्ये त्यांनी ते तुकड्या-तुकड्यानं रेकॉर्ड केलं, एक भाग बसवायचा, रेकॉर्ड करायचा, मग पुढचा, आणि एडी ऑफर्ड नावाचा त्यांचा इंजिनिअर टेप ब्लेडनं कापून जोडायचा. म्हणजे अठरा मिनिटांचं ते गाणं टेपवर आधी तयार झालं आणि अख्खं वाजवायची वेळ नंतर आली. त्यात अल्बमचं काम संपल्या संपल्या ड्रमर बिल ब्रुफर्ड बँड सोडून किंग क्रिमझनमध्ये गेला, आणि टूर तर ठरलेली, मग अॅलन व्हाइटला घेतलं आणि त्या माणसानं मोजक्या दिवसांत तो सगळा कार्यक्रम पाठ करून अमेरिकेत स्टेजवर वाजवला. आता हे डोक्यात ठेवून परत 'येससाँग्ज' ऐका. कापून जोडलेलं गाणं पाच माणसांच्या हातांनी एका दमात वाजतं का, याचं उत्तर त्या रेकॉर्डवर आहे. वेग वाढलाय म्हणता, बरोबर आहे, व्हाइट ब्रुफर्डसारखा हलक्या हातानं वाजवत नाही, तो ढकलतो, आणि बाकीचे चौघं त्याच्यासोबत पळतात. मला ते आवडतं.

आणि त्याच अल्बमवर दोन गाणी ब्रुफर्डच्या वेळची आहेत, 'पर्पेच्युअल चेंज' आणि 'लाँग डिस्टन्स रनअराउंड' ते 'द फिश' हा जोडतुकडा. एकाच अल्बममध्ये दोन ड्रमर, शेजारी शेजारी ठेवून ऐकायला मिळतात की.

आवाज गढूळ आहे हे मात्र खरं, त्यात तुमच्या हेडफोनचा दोष नाही. त्यावर उपाय निघालाय. 1972 च्या ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर या काळातल्या टूरच्या मूळ मल्टिट्रॅक टेप (प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा असलेल्या) सापडल्या आणि 2015 मध्ये 'प्रोजनी' नावानं 14 सीडींचा संच निघाला, सात गावांतले सात पूर्ण कार्यक्रम. गाणी सातही रात्री जवळजवळ तीच. कुणी म्हणेल तेच तेच सात वेळा कशाला, तर त्याचसाठी. टोराँटोला की-बोर्डवाला रिक वेकमन सोलोमध्ये काय करतो आणि तीन आठवड्यांनी न्यूयॉर्कजवळ काय करतो ते लावून बघा. मी एलपीच्या काळातला माणूस, मुंबईला ऱ्हिदम हाऊसमध्ये उभं राहून कव्हरं वाचत बसायचो, तेव्हा असं काही कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

पहिला अल्बम म्हणाल तर माझं मत जेनेसिसचा 'सेकंड्स आउट', 1977. आवाज स्वच्छ, बराचसा पॅरिसला रेकॉर्ड झालेला, गायला फिल कॉलिन्स आणि ड्रम्सवर चेस्टर थॉम्पसन, आणि मधे गाणं थांबून नुसतं वाद्यांचं सुरू झालं की कॉलिन्सपण मागं जाऊन दुसऱ्या ड्रमसेटवर बसतो. दोन ड्रमसेट एकत्र वाजायला लागले की अंगावर येतं. 'सपर्स रेडी' एलपीची एक अख्खी बाजू व्यापतं.

होटगीरोड_साउंड

काकांनी संगीताचं सांगितलं, मी वायरीचं सांगतो. माझा साउंडचा धंदा आहे, लग्नं, ऑर्केस्ट्रा, हुतात्मा स्मृती मंदिरातले कार्यक्रम, गणपती. रूम पार्टनरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

लाईव्ह रेकॉर्डिंगला स्टेजवरच्या प्रत्येक माइकचा सिग्नल दोन ठिकाणी जातो. एक जातो पब्लिकला ऐकू येणाऱ्या मिक्सरला आणि दुसरा हॉलच्या बाहेर उभ्या असलेल्या रेकॉर्डिंगच्या ट्रकमध्ये. त्या काळात ट्रकमध्ये 8 नाहीतर 16 ट्रॅकची टेप मशीन असायची, शिवाय टाळ्यांसाठी पब्लिककडे तोंड केलेले वेगळे माइक. मग महिन्याभरानं स्टुडिओत बसून ते सगळे ट्रॅक मिसळायचे. इथंच दुरुस्तीची संधी असते. एखादा चुकलेला बेस परत वाजवून त्या ट्रॅकवर टाकता येतो कारण बेस बऱ्याचदा थेट वायरनं घेतलेला असतो. पण गाण्याच्या माइकचं तसं नाही. गायकाच्या माइकमध्ये मागचे ड्रम्स, बाजूच्या गिटारचा अँप सगळं शिरलेलं असतं, आम्ही त्याला लीकेज म्हणतो. गाणं पुसलं की त्याच्यासोबत ड्रम्सचा पण थोडा आवाज जातो आणि ठेवलं तर जुन्या सुराचं भूत दुसऱ्या माइकमधून ऐकू येतं. त्यामुळं वाटेल तेवढं बदलता येत नाही. मोठ्या स्टेजवर मोठ्यानं वाजवणाऱ्या बँडचं तर अजिबात नाही.

दुरुस्ती कुठं झाली ते ऐकायचं असेल तर किंग क्रिमझनचा 'यूएसए', 1975. बरंचसं रेकॉर्डिंग 28 जून 1974 चं, अॅस्बरी पार्क, न्यू जर्सी. व्हायोलिन वाजवणारा डेव्हिड क्रॉस, पण अल्बम काढताना काही ठिकाणी एडी जॉब्सनकडून व्हायोलिन आणि पियानो नव्यानं वाजवून घेतला आणि कव्हरवर तसं नाव पण छापलं. लपवाछपवी नाही. पुढं ओव्हरडब, म्हणजे ही नंतरची भर, नसलेला तोच कार्यक्रम पण बाहेर आला, दोन्ही ऐका, क्रॉसचं मूळ व्हायोलिन बाकीच्यांच्या आवाजात कसं बुडतंय ते कळतं आणि त्या माणसाला स्टेजवर काय त्रास होत असेल तेपण कळतं. ड्रम्स आणि बेस एवढे मोठे की व्हायोलिनला जागाच नाही. आमच्याकडं ऑर्केस्ट्रात बासरीवाल्याचं हेच होतं.

आणि उलट टोक बघायचं तर त्यांचाच 'अर्थबाउंड', 1972. ट्रक नाही, काही नाही, मिक्सरवरून सरळ कॅसेटवर घेतलेलं. आवाज फाटतो. अमेरिकेतल्या कंपनीनं क्वालिटी बघून काढायला नकार दिला. पण त्या 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन'मध्ये जो राग आहे तो कुठल्या स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये मला मिळाला नाही. साउंडवाला असून सांगतो, स्वच्छ आवाज ही एक गोष्ट आणि त्या रात्री काय झालं ही दुसरी, आणि दुसरी जास्त महत्त्वाची.

पेटीवाली_सातरस्ता

काका, 'सेकंड्स आउट'बद्दल थोडं भांडते. जेनेसिस पहिल्यांदा लाईव्ह ऐकायचं तर आधीचा गायक पीटर गॅब्रिएल असतानाचं ऐकायला हवं, म्हणजे 'जेनेसिस लाईव्ह', 1973, लेस्टर आणि मँचेस्टरच्या हॉलमधलं. पाचच गाणी, पण 'द म्युझिकल बॉक्स' पूर्ण आहे. 'सेकंड्स आउट'वर त्याचा फक्त शेवटचा भाग आहे, आणि 'फर्थ ऑफ फिफ्थ'ची ती सुरुवातीची पियानोची ओळ तिथं नाहीच, सरळ गाण्यावर येतात. मी की-बोर्ड शिकवते, ती ओळ बसवायला मुलांना महिने लागतात, त्यामुळं ती नाही म्हटल्यावर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. टोनी बँक्सकडे स्टेजवर खरा ग्रँड पियानो नसायचा, त्याच्याकडच्या इलेक्ट्रिक पियानोवर बोटांच्या दाबानं आवाज लहान-मोठा होत नसे, त्याच्यावर ती ओळ वाजवून काही साधत नव्हतं.

'का ऐकायचं' याला माझं उत्तर मेलोट्रॉन. हे वाद्य त्या सगळ्या बँडच्या गाण्यांत आहे, व्हायोलिनच्या ताफ्यासारखा किंवा कोरससारखा जो आवाज मागून येतो तो. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, पट्टी दाबली की टेप हेडवरून सरकते आणि रेकॉर्ड केलेला तो सूर वाजतो, साधारण आठ सेकंद. तेवढ्यात बोट उचललं नाही की सूर आपोआप बंद, आणि बोट उचललं की टेप स्प्रिंगनं परत मागं. म्हणजे लांब सूर हवा असेल तर आठ सेकंद संपायच्या आत स्वरसमूह बदलायचा, एकेक बोट उचलत. त्यात मोटरचा वेग विजेवर चालणार, हॉलमध्ये लाइटिंगचा लोड पडला की सूर खाली. स्टुडिओत परत घेता येतं, स्टेजवर उतरलेल्या सुरातच पुढचं सगळं वाजवायचं. लाईव्ह रेकॉर्डिंगमध्ये मेलोट्रॉन जरासा बेसूर ऐकू आला की मला त्या माणसाची बोटं दिसतात.

आणि एक गोष्ट सांगायचीच आहे. किंग क्रिमझनचा 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक', 1974, लोक स्टुडिओ अल्बम म्हणून ऐकतात. त्यातला मोठा भाग लाईव्ह आहे, टाळ्या काढून टाकलेल्या. 'ट्रायो' नावाचा तुकडा 23 नोव्हेंबर 1973 ला अॅम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊमध्ये तिथल्या तिथं सुचत गेलेला आहे, आधी काही ठरलेलं नाही. व्हायोलिन, बेस आणि गिटारवाल्या रॉबर्ट फ्रिपचा बासरीच्या आवाजातला मेलोट्रॉन, तिघंच. ब्रुफर्ड ड्रम्सवर बसलेला होता आणि काठ्या छातीशी घेऊन शेवटपर्यंत एकही ठोका न वाजवता थांबला. त्या तुकड्याच्या रचनाकारांत त्याचंपण नाव आहे, कारण न वाजवायचा निर्णय त्याचा. त्या रात्रीचा पूर्ण कार्यक्रम 1997 मध्ये 'द नाइट वॉच' म्हणून निघाला, म्हणजे आता तो तुकडा त्याच्या जागी, आधी काय वाजलं आणि नंतर काय वाजलं यासकट ऐकता येतो. आपल्याकडं ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, तोच यमन पण कालचा वेगळा आणि आजचा वेगळा. फरक एवढाच की या बँडच्या बहुतेक रचना सुरासुरानं बांधलेल्या असतात, म्हणून त्यात मोकळी जागा कुठं सोडलीय ते शोधावं लागतं. लाईव्हमध्ये ती सापडते.

होटगीरोड_साउंड

ताई, मेलोट्रॉनचं विजेचं लई बरोबर. आपल्याकडं जनरेटरवर गेलं की जुन्या टेपचं व्हायचं तेच.

रेल्वेलाईन्सचे काका

ताई, 'जेनेसिस लाईव्ह' मलाही प्रिय आहे, पण त्यात 'सपर्स रेडी' नाही हो, ते नसताना नवीन माणसाला द्यायचं माझ्या जिवावर येतं. तरी गॅब्रिएलचा 'द नाइफ'मधला आवाज ऐकावाच, ते मान्य.

ईएलपीचं, म्हणजे इमर्सन, लेक अँड पामरचं, कुणी नाव घेतलं नाही म्हणून घेतो. 'पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन', 26 मार्च 1971, न्यूकॅसल सिटी हॉल. मुसोर्गस्कीची पियानोची रचना तिघांनी रॉकमध्ये आणली आणि तिचा स्टुडिओ अल्बम न करता थेट कार्यक्रमाचंच रेकॉर्डिंग विकलं. सुरुवातीला इमर्सन त्या हॉलचाच मोठा पाइप ऑर्गन वाजवतो. म्हणजे ते वाद्य इमारतीचा भाग, ते दुसरीकडं नेता येणारच नाही. पिंक फ्लॉइडचा पाँपेईचा चित्रपट पण बघून घ्या, ऑक्टोबर 1971, प्रेक्षक एकही नाही, रोमन काळातलं उघडं अँफिथिएटर, 2025 मध्ये नवं मिक्स आलंय. त्यातले काही भाग पॅरिसच्या स्टुडिओत घेतलेले आहेत, ते ओळखू येतात.

जुळेसोलापूरवाला

काका, दादा, ताई, मनापासून धन्यवाद. काल रात्रपाळीत 'ट्रायो' तीनदा ऐकलं. ड्रम्स आता येतील, आता येतील असं वाटत राहतं आणि येत नाहीत. रूम पार्टनरला 'यूएसए'चे दोन्ही प्रकार ऐकवले, तो म्हणाला दुरुस्त केलेलं जास्त चांगलं वाटतंय, त्यावर आमचं बरंच वाजलं पण निदान तो ऐकायला तरी बसला. 'प्रोजनी'मधला टोराँटोचा कार्यक्रम सुरू केलाय. बेस सुटा ऐकू येतोय!

एकच अजून. जेंटल जायंट स्टेजवर कसे वाजवायचे? 'फ्री हँड' ऐकलाय, ते 'ऑन रिफ्लेक्शन' चार आवाजांत एकमेकांच्या मागं पळत जातं, ते लाईव्ह कसं काय जमणार?

पेटीवाली_सातरस्ता

जमवलंय, आणि क्रम उलटा करून. 'प्लेइंग द फूल', 1977, आदल्या वर्षीच्या युरोप टूरमधलं. स्टुडिओत आधी आवाज येतात, इथं आधी रेकॉर्डर (बासरीसारखं वाद्य), व्हायोलिन, चेलो आणि व्हायब्राफोन घेऊन शांत भाग वाजवतात आणि मग वाद्यं बाजूला ठेवून गायला उभे राहतात. त्या बँडमध्ये एकेक माणूस तीन-तीन चार-चार वाद्यं वाजवायचा म्हणून हे शक्य झालं. हेडफोनवर ऐका, पण कटिंग मशीन चालू असताना नको, सुरुवात फार हळू आहे.

होटगीरोड_साउंड

तो अल्बम मला पण हवाय ताई, सीडी असेल तर सांगा, सात रस्त्याला येऊन घेऊन जातो.