एड्विन ड्रूड मेलाय. आता तरी मान्य करा!

कडीकोयंडा (धागाकर्ता)

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ९ जून १८७० ला गेला तेव्हा त्याची 'द मिस्टरी ऑफ एड्विन ड्रूड' ही कादंबरी अर्ध्यावर होती. बारा मासिक भाग ठरले होते, सहाच लिहून झाले. तेव्हापासून दीडशे वर्षं जो उठतो तो उरलेले सहा भाग आपल्या डोक्याने पुरे करतोय. परवा दुसऱ्या एका धाग्यावर "एड्विन शेवटी जिवंत निघणार होता" असं कुणीतरी ठामपणे लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. क्लॉइस्टरहॅम म्हणजे नाव बदललेलं केंटमधलं रॉचेस्टर. तिथल्या कॅथीड्रलमधल्या गायकांचा म्होरक्या जॉन जॅस्पर. गावात सभ्य गृहस्थ, लंडनला जाऊन चोरून अफू ओढणारा. एड्विन त्याचा भाचा. एड्विनचं रोझाशी लग्न दोघांच्या वडिलांनी कधीच ठरवून ठेवलेलं, आणि मामाचा डोळा रोझावर. ख्रिसमसच्या आदल्या रात्री प्रचंड वादळ होतं आणि एड्विन गायब होतो. संशय येतो सिलोनहून आलेल्या नेव्हिल लँडलेसवर, कारण त्याचं एड्विनशी भांडण झालेलं. काही महिन्यांनी डॅचरी नावाचा पांढऱ्या केसांचा, काळ्या भुवयांचा पाहुणा गावात बिऱ्हाड करतो आणि जॅस्परवर नजर ठेवतो. संपलं. पुढे कोरी पानं.

माझं म्हणणं असं, की मामानेच मारलं आणि डिकन्सने ते लपवलेलंसुद्धा नाही. जॅस्पर रात्री पाथरवट डर्डल्सबरोबर कॅथीड्रलची तळघरं पाहायला जातो. वाटेत कळीच्या चुन्याचा ढीग दिसतो. डर्डल्स म्हणतो, बूट खाईल, जरा ढवळलंत तर हाडंही खाईल. मग जॅस्पर त्याला बाटलीतलं काहीतरी पाजून झोपवतो. डर्डल्सला झोपेत हातातून काहीतरी पडल्यासारखं वाटतं, आणि जाग येते तेव्हा तळघराची किल्ली शेजारी पडलेली. अजून काय हवं?

खरी मेख अंगठीची आहे. रोझाच्या आईची हिऱ्यामाणकांची अंगठी रोझाचे पालक ग्रूजियस यांनी एड्विनला दिली होती. लग्न दोघांनी आपसांत मोडलं, त्यामुळे ती त्याच्या कोटाच्या आतल्या खिशातच राहिली. जॅस्परला यातलं काही माहीत नाही. भाच्याच्या अंगावर घड्याळ, साखळी आणि शर्टाची पिन एवढंच असतं हे त्याला पाठ. घड्याळ आणि पिन पुढे नदीच्या बंधाऱ्याशी सापडतात. चुन्यात गळणार नाही ते आधीच काढून घेतलं, हा उघड हिशेब. अंगठी मात्र प्रेताबरोबर गेली. ती चुन्याला पुरून उरणार आणि तिच्यावरून सगळं बाहेर येणार, हे डिकन्सने आपल्याला सांगितलं होतं असं त्याचा मित्र आणि चरित्रकार फॉर्स्टरने लिहून ठेवलंय.

तेव्हा 'खून कुणी केला' हे कोडंच नाही. मामा कसा सापडतो, एवढंच कोडं.

रातकिडा

फॉर्स्टरने लिहिलं म्हणजे ब्रह्मवाक्य? त्याच फॉर्स्टरला १८६९ मध्ये डिकन्सने कळवलं होतं, की एक नवी चमत्कारिक कल्पना सुचलीय, पण ती सांगण्यासारखी नाही, सांगितली तर पुस्तकातली गंमत जाईल. आणि मग लगेच सगळी सांगून टाकली? मामाने भाच्याला मारलं यात नवं ते काय? आपल्याकडे कंसापासून चालू आहे.

डिकन्सने स्वतःच्या टिपणांत शीर्षकांची यादी केली होती. त्यात 'एड्विन ड्रूड लपलेला' आहे, 'एड्विन ड्रूडचं पलायन' आहे, आणि 'मृत? की जिवंत?' सुद्धा आहे. मेलेल्या माणसावर असली शीर्षकं कोण योजतं? मासिक भागांच्या मुखपृष्ठावर तळाशी काय आहे ते बघा. कंदील घेऊन आलेला एक माणूस, आणि अंधारात त्याच्यासमोर ताठ उभा एक तरुण. जॅस्पर तळघरात अंगठी शोधायला जातो आणि समोर भाचा. झालं पुस्तक.

शिवाय ग्रूजियस. एड्विन-रोझाचं मोडलं होतं हे तो जॅस्परला सांगतो, तेव्हा जॅस्पर किंकाळी फोडून कोसळतो. हा म्हातारा एरवी जीव लावणारा, पण मदतीला हलत नाही. शेकोटीपाशी हाताचे पंजे उघडत-मिटत शेकत त्या पडलेल्या ढिगाकडे नुसता बघत राहतो. मामाच खुनी आहे हे त्याला कुणी सांगितलं? ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्याशिवाय कोण सांगणार?

मावशीबाई

रोझाने सांगितलं. रोझाला जॅस्परची पहिल्यापासून धास्ती. तो गाणं शिकवतो तेव्हा नजरेने जखडून टाकतो, हे तिने हेलेनाला, नेव्हिलच्या जुळ्या बहिणीला, स्पष्ट सांगितलंय. जॅस्परकडे जाण्याआधी ग्रूजियस त्या दोघींना भेटून आलाय. त्यासाठी एड्विनला थडग्यातून उठवायची गरज नाही.

आणि तो कोसळतो का, ते बघा ना. लग्न आधीच मोडलं होतं म्हणजे खून फुकट गेला. सहाव्या भागापर्यंतचा सगळ्यात भयंकर क्षण तो आहे. एड्विन जिवंत असेल तर त्या किंकाळीतली हवाच जाते.

मला खटकतं ते वेगळंच. एड्विन उथळ आहे, जरा शिष्टही आहे, पण दुष्ट नाही. निरपराध नेव्हिल गावातून तोंड लपवून लंडनला जाऊन राहतो, रोझा जॅस्परच्या भीतीने पळून जाते, आणि हे चिरंजीव जिवंत असून गप्प? शेवटी शेवटी तर बिचारा कुठे शहाणा होत होता.

चित्रं काढणारा ल्यूक फिल्ड्स तर परका माणूस. जॅस्परच्या गळ्यात दुहेरी वेढ्याचा लांब गळपट्टा कशाला, असं त्याने विचारलं. डिकन्स म्हणाला, तो हवाच, त्यानेच तो एड्विनचा गळा आवळतो. हे फिल्ड्सने १९०५ मध्ये जाहीर सांगितलंय. डिकन्सचा मुलगाही हेच सांगत असे. सगळे खोटं बोलतात का, रातकिडे?

सोलापुरी_चादर

गळपट्टा निघालाच आहे तर आमच्या भागातलं ऐका. चौदाव्या प्रकरणात, खुनाच्या संध्याकाळी, घरी जाताना जॅस्पर आडोशाला क्षणभर थांबतो, तो मोठा काळा रेशमी गळपट्टा काढतो आणि त्याचा फास करून हातावर टाकतो. तेवढ्यापुरता त्याचा चेहरा आवळला जातो, मग पुन्हा मोकळा. हे वाचून कुणाला वाटसरूंचे गळे आवळणाऱ्या ठगांचा रुमाल आठवणार नाही?

१९३० मध्ये हॉवर्ड डफील्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने हेच मांडलं, की जॅस्पर ठगांच्या रीतीने खून करतो. पुढे समीक्षक एडमंड विल्सनने ते उचलून धरलं. ठगांची गोष्ट विलायतेत घरोघर नेली ती फिलिप मेडोज टेलरच्या १८३९ च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीने. हा टेलर निजामाच्या नोकरीतला, १८५० च्या दशकात आमच्या नळदुर्गला अधिकारी होता. नळदुर्ग तुळजापूर तालुक्यात, आणि ठगांची देवी भवानी, हा योगायोग मला भारी वाटतो. (असो, अवांतर.)

मुद्दा असा, की त्या पुस्तकात अमीर अली हा ठग तुरुंगात बसून आपले खून साहेबाला सांगतो, शांतपणे, किंचित अभिमानाने. फॉर्स्टरच्या म्हणण्याप्रमाणे 'ड्रूड'चा शेवट काय होता? फाशीच्या कोठडीत जॅस्पर आपलीच कहाणी दुसऱ्या कुणाची असल्यासारखी सांगतो. रातकिडे विचारतात ती 'नवी कल्पना' हीच. अफू ओढणारा जॅस्पर आणि चर्चमध्ये गाणारा जॅस्पर यांची एकमेकांना नीट ओळखच नाही. दोनच वर्षं आधी, १८६८ मध्ये, डिकन्सच्याच नियतकालिकात विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' छापून आली होती. अफूच्या अमलाखाली केलेलं माणसाला पुढे आठवत नाही, हा तिचा कणा. (स्पॉयलर दिला, पण पुस्तक दीडशे वर्षं जुनं आहे, रडू नका.)

घनचक्कर

चादरसाहेब, कोठडीपर्यंतचं पटलं. ठग नाही पटला. ठग एकटा काम करत नसे. गळा आवळणारा वेगळा, हातपाय धरणारा वेगळा, खड्डा खणणारा वेगळा. सावज वाटेवरचं, अनोळखी, लुटीसाठी. इथे एकटा मामा, सख्खा भाचा, कारण बाई. गळपट्टा हातावर टाकणारा प्रत्येक जण ठग असेल तर आमच्या सोसायटीचा अख्खा मॉर्निंग वॉक ग्रुप आत जाईल.

अजून एक, कळीचा चुना प्रेत खात नाही, उलट बऱ्याचदा टिकवतो. डर्डल्स आणि डिकन्स दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. पण कादंबरीपुरतं सोडून देऊ.

अर्धवट

७ जानेवारी १९१४ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये जॅस्परवर चक्क खटला चालवला होता. न्यायाधीश जी. के. चेस्टरटन, ज्युरीचा प्रमुख बर्नार्ड शॉ. शॉने निकाल दिला सदोष मनुष्यवधाचा, आणि चेस्टरटनने स्वतः सोडून सगळ्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं. तुमचंही तेच होणार.

कडीकोयंडा (धागाकर्ता)

:) शॉने दिलेला निकाल म्हणजे दोन्ही बाजूंना सारखंच चिडवायची युक्ती.

रातकिडे, तुमच्या बाजूचे लोक डॅचरी म्हणजे वेष पालटलेला एड्विन असं मानतात. केस टोप वाटावा इतके दाट, त्याला डोक्यावर टोपी नाही याचं भान नसतं, इथवर ठीक. वेषांतर आहेच. पण हा डॅचरी गावात नवा आहे. बिऱ्हाड शोधताना कॅथीड्रलच्या मनोऱ्याभोवती गोंधळून घिरट्या घालतो, आणि हे निवेदक सांगतोय, डॅचरी कुणाला थाप मारत नाहीये. एड्विन त्या गल्लीबोळांत मामाकडे कितीदा आलाय. हेलेनाही त्याच गावात राहून गेली, लहानपणी मुलाचा वेष करून पळायची हे खरं असलं तरी. माझं मत ग्रूजियसच्या कारकुनाला, बॅझर्डला. तो सध्या कामावर नाही, असं ग्रूजियसच सांगून ठेवतो. उत्तर नीरस आहे, पण बसतं.

रातकिडा

बॅझर्ड? स्वतःची शोकांतिका कुणी रंगमंचावर आणत नाही म्हणून तोंड पाडून बसणारा तो प्राणी आणि हा मिश्कील डॅचरी एकच? त्यापेक्षा मी शॉचा निकाल मान्य करतो.

शेवटचं प्रकरण उघडा. अफूचा अड्डा चालवणारी म्हातारी डॅचरीला सांगते, गेल्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी इथेच एका तरुणाने मला साडेतीन शिलिंग दिले, त्याचं नाव एड्विन. हे ऐकताच डॅचरीच्या हातून पैसे खाली पडतात आणि वाकून उचलताना तो लाल होतो. बॅझर्ड कशाला लाल होईल?

मावशीबाई

कारण इतके दिवस हवा होता तो धागा हाती लागला. कुणीही दचकेल.

उलट मी विचारते. ही म्हातारी त्या संध्याकाळी एड्विनशी समोरासमोर बोललीय. आता त्याच जागी, तेवढेच पैसे मागत डॅचरीशी बोलते आणि तिला काहीच जाणवत नाही? अफूने डोळे गेले म्हणाल, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी तीच बाई कॅथीड्रलमध्ये खांबाआडून, गाणाऱ्यांच्या गर्दीतून जॅस्परला अचूक हेरते आणि त्याच्याकडे बघून मुठी नाचवते. आधी याचं काय ते सांगा, मग जिवंत करा एड्विनला.