'मिसिंग ॲट रँडम'ला मराठीत काय म्हणावं?

ओळवही : स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंगवर (अनेक चलांमधले संबंध एकत्र तपासण्याची संख्याशास्त्रीय पद्धत) विद्यार्थ्यांसाठी टिपणं लिहितेय. 'मिसिंग डेटा'ला 'गहाळ विदा' केलं, पण विदा कशी गहाळ होते याच्या संख्याशास्त्रज्ञ रुबिन यांच्या १९७६ च्या वर्गीकरणापाशी अडलेय. 'मिसिंग कम्प्लीटली ॲट रँडम'ला, म्हणजे कोरेपणाचा कशाशीच संबंध नसतो त्या प्रकाराला, 'पूर्णतः यादृच्छिक' चालेल. पण 'मिसिंग ॲट रँडम'ला नुसतं 'यादृच्छिक' म्हटलं तर वाचणारा हमखास फसणार. वयस्क लोक उत्पन्नाचा रकाना कोरा सोडतात, वय मात्र नोंदलेलं आहे, आणि एका वयाच्या लोकांत कोरेपणाचा उत्पन्नाशी संबंध नाही, तर तो हा प्रकार. यात यादृच्छिक काय दिसतं? सुचवा.

काथ्याकूट : मला आधी 'गहाळ'च खटकतो. फाईल गहाळ होते, कारण ती असते. उत्तर दिलंच नाही, तर गहाळ काय झालं? 'अनुत्तरित' म्हणा.

ओळवही : प्रश्नावलीपुरतं ठीक. पण दुसऱ्या फेरीला माणूसच आला नाही, किंवा उपकरण बंद पडलं, तर?

धातुरूप : यदृच्छा म्हणजे आपसूक, न मागता घडणारं. गीतेतलं 'यदृच्छालाभसंतुष्टः' आठवा. मूळ इंग्रजी नावच दिशाभूल करणारं असेल तर ते ओझं आपण का वाहावं? 'नोंदसापेक्ष' म्हणा. आणि जिथे उत्पन्न जास्त आहे म्हणूनच ते लपवलं जातं, तो तिसरा प्रकार 'मूल्यसापेक्ष'.

रोकडा : शब्द सुरेख आहेत, पण सॉफ्टवेअरमध्ये पोरं शोधणार 'मिसिंग'च. तेच ठेवा आणि कामाचं सांगा. 'लावान' या सॉफ्टवेअरला काही न सांगता मॉडेल चालवलं, की मॉडेलमधला एक रकाना जरी कोरा असला तरी अख्खी ओळ बाद होते. फिमल ('फुल इन्फर्मेशन मॅक्सिमम लाइकलिहूड', म्हणजे ओळ बाद न करता अंदाज काढण्याची पद्धत) हवं असेल तर तसं लिहून सांगावं लागतं. 'एमप्लस' हे दुसरं सॉफ्टवेअर सतत चलांसाठी (उत्पन्न, वय अशा मोजमापांसाठी) ते आपणहून करतं. एकाच फाईलची दोन उत्तरं येतात आणि कारण कुणाला कळत नाही. 'एमॉस' या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर, रकाने कोरे असले की, सरासरी आणि छेद अंदाजण्याच्या पर्यायावर खूण केल्याशिवाय गाडी हलत नाही.

काथ्याकूट : फिमलचं मराठी काय? 'पूर्ण-माहिती कमाल संभाव्यता'? मग प्रॉबॅबिलिटीला काय उरलं? लाइकलिहूड (हाती आलेल्या विदेशी मॉडेल किती जुळतं) आणि प्रॉबॅबिलिटी या दोन कल्पना संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी मुद्दाम वेगळ्या केल्या होत्या.

धातुरूप : लाइकलिहूडला 'शक्यता'.

ओळवही : बोलताना शक्यता म्हणजे प्रॉबॅबिलिटीच. गोंधळ वाढेल.

धातुरूप : बरं, इम्प्युटेशनला (कोऱ्या जागी अंदाजाने किंमत भरण्याला) तरी 'आरोपण' नको, कुणावर आरोप केल्यासारखं वाटतं. वाक्यात नसलेला पण संदर्भाने कळणारा शब्द 'अध्याहृत' असतो. कोऱ्या जागी भरलेली किंमतही अध्याहृतच.

रोकडा : पण मग तो शब्द फिमलला लावू नका. तिथे काहीच भरत नाहीत, प्रत्येक ओळीत जेवढं आहे तेवढंच वापरतात.

काथ्याकूट : इम्प्युटेशनलाही नको. अध्याहृत शब्द बहुधा ठरलेला असतो, ऐकणाऱ्याला शंका नसते. मल्टिपल इम्प्युटेशनमध्ये एकाच कोऱ्या जागी अनेक वेगवेगळ्या किमती भरतात, कारण खरी ठाऊक नसते. ती अनिश्चितता उत्तरात उतरावी हाच तर त्यामागचा हेतू. 'अध्याहृत' म्हटलं की नेमकी तीच पुसली जाते.