मदत हवी: समाधीवरच्या जुन्या अक्षरांचा फाँट केला, जोडाक्षरं तुटतायत (ग्वाल्हेर)

लष्करकर
ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घराण्याच्या समाध्या आहेत, लेख शके १८०८ च्या सुमाराचे. एक पाटी फुटली. त्याच वळणात नवी कोरून पितृपक्षाआधी बसवायची आहे. फोटोवरून अक्षरं काढून फाँट केला, पण क्र, प्र, र्क सगळे सुटे पडतात, वेलांटी भलतीकडे जाते, शिरोरेषेत फटी दिसतात. कारागीर थांबलाय, लवकर सांगा.

बोरूटाक
फाँट कशात केला? टाईप करून कशात बघताय? दगड कुठला, अक्षरं खोदीव की उठावाची?

लष्करकर
फाँटफोर्ज. वालुकाश्म, उठावाची.

रेफ
कशात बघताय ते राहिलंच. ‘कि’ लिहिल्यावर वेलांटी क च्या उजवीकडे उभी राहत असेल तर फाँटला हात लावू नका, त्या प्रोग्रॅमचं अक्षरजोडणीचं इंजिनच चालू नाही. तीच ओळ लिबरऑफिसमध्ये टाकून बघा.

पाथरवट
एका पाटीसाठी फाँट कशाला? लेखातली चाळीसेक अक्षरं बाह्यरेषेने काढा, ओळ हाताने जुळवा, थेट सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या कोरणी मशीनला) द्या. दोन दिवसांचं काम.

लष्करकर
बाकीच्या पाट्याही झिजतायत, पुढे त्याही करायच्या आहेत. फाँटच हवा.

ठसेकर
फोटोवरून वळण कधीच खरं येत नाही. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवा, अर्धवट वाळला की शाईच्या बोळ्याने ठसा घ्या.

बोरूटाक
ठसेकर, उठावाच्या वालुकाश्मावर ब्रश ठोकलात तर सुटलेला थर कागदाबरोबर निघून येईल. शिवाय ओला कागद ताणतो आणि वाळताना आटतो, मग माप कुठलं धरणार? दगडाला न शिवता करा: कॅमेरा पाटीला समांतर, ८५ ते १०० मिमीची लेन्स, शेजारी मोजपट्टी, दिवा बाजूने १०-१५ अंशांवर. चारही बाजूंनी दिवा फिरवून वेगवेगळे फोटो घ्या. एकाच बाजूच्या प्रकाशात सावली अक्षराचीच जाडी वाटते.

आणि ऑटोट्रेस (फोटोवरून आपोआप बाह्यरेषा काढणं) नको. झिजलेल्या कडेचा प्रत्येक खड्डा बिंदू होऊन बसतो. तेच अक्षर पाटीवर चार ठिकाणी असेल तर चारही एकावर एक ठेवा आणि जे चारहींत सारखं आहे तेवढंच काढा. उठावाचं अक्षर झिजून बारीक होतं, म्हणून जाडी आडोशाला राहिलेल्या ओळीवरून घ्या. लेखात नसलेली अक्षरं घरच्याच अवयवांतून: प वरून ष, व वरून ब, ड ला टिंब देऊन ङ.

ठसेकर
संरक्षित लेखांचे ठसे पुरातत्त्व खातं आजही घेतं. दगड घट्ट असेल तर काही होत नाही.

बोरूटाक
घट्ट असेल तर. त्यांची पाटी फुटलेली आहे.

मोडीमित्र
मोडीतही करून ठेवा. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे.

रेफ
मोडीमित्र, लेख बाळबोधात (देवनागरीत) आहे. वेगळा धागा काढा, तिथे नक्की येतो.

लष्करकर
लिबरऑफिसमध्ये वेलांटी, क्र, प्र बरोबर. बघत होतो इलस्ट्रेटरमध्ये. र्क मात्र दोन्हीकडे तुटतो. पाटीवर ल पण दोन तऱ्हेचा आहे, कुठला ठेवू?

रेफ
इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेस, टाईप, तिथे शो इंडिक ऑप्शन्स चालू करा. मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोजर निवडा.

र्क चं कारण बहुधा हे: आरपीएचएफ (फाँटमधलं रेफाचं) फीचरमध्ये तुम्ही र, हलंत (पाय मोडायचं चिन्ह), क असा तिघांचा नियम लिहिलाय. तिथे फक्त र आणि हलंत, याच क्रमाने, बदली रेफ. इंजिन एवढीच जोडी तपासतं. ती सापडली नाही तर फाँटमध्ये रेफ नाहीच असं धरतं. रेफ उचलून पुढच्या अक्षरावर नेणं इंजिनचं काम, तो नियम तुम्ही लिहू नका. र्की, र्कं यांत रेफ वेलांटीवर आणि अनुस्वारावर चढतो, त्यांची जोडचित्रं एबीव्हीएस (अक्षरावरच्या चिन्हांचं) फीचरमध्ये द्या. ‘कऱ्हाडे’ लिहून बघाच: ऱ आणि हलंत, तसंच र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), दोन्हींतून चंद्रकोरी र यायला हवा. दोन्ही नियम हाफ (अर्ध्या अक्षरांच्या) फीचरमध्ये.

ल: मराठी वळणाचा मुख्य ठेवा, दुसरा स्टायलिस्टिक सेटमध्ये (मुद्दाम निवडला तरच येणारा पर्याय). भाषेवर बदलणारं लोकल फीचर नको. मजकुराची भाषा कोणी लावत नाही, मग ऐनवेळी भलताच ल उमटतो.

फटींसाठी शिरोरेषा दोन्ही बाजूंना १०-१५ युनिट बाहेर काढा, अक्षराची चौकट १००० युनिटची धरून. जाडी आणि उंची सगळ्या अक्षरांत एकच, दगडावर ती वरखाली असली तरी.

पाथरवट
मग कोरायला देण्याआधी मजकूर आउटलाईन करून (अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून) युनाईट करा, म्हणजे सगळा एकसंध आकार होईल. नाहीतर जिथे शिरोरेषा एकमेकींवर चढतात तिथे मशीन अक्षराच्या आतून पाता फिरवेल आणि उठावच कापला जाईल. ३ मिमीचा पाता आतल्या कोपऱ्यात १.५ मिमीची गोलाई ठेवतो. ण, श चे कोपरे कारागिराकडून छिन्नीने काढून घ्या. अक्षराची उंची किती आहे?

लष्करकर
आरपीएचएफमध्ये तिघांचाच नियम होता. बदलला, र्क आला. उंची ४० मिमी.

पाथरवट
४० ला ३ मिमीचा पाता जाड पडेल. २ चा मागा, आणि आधी त्याच दगडाच्या तुकड्यावर ‘श्री’ कोरून घ्या.