घिरट्या घालण्यामागचे कारण
पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडालेले विमान बिघाड लक्षात येताच परत का उतरवत नाहीत, आकाशात घिरट्या का घालतात, हा प्रश्न रास्त आहे. एअरबस ए-३२० निओ या प्रवासी विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ७९ टन असते, तर उतरतानाची मर्यादा सुमारे ६७ टन. शिवाय या विमानात इंधन हवेत सोडून देण्याची सोयच नसल्यामुळे, वजन जास्त असेल तर इंधन जाळूनच ते कमी करावे लागते. त्याच वेळात वैमानिक बिघाडाची तपासणी-यादी एकेक करून पूर्ण करतात आणि लोहगावची सुमारे २,५०० मीटरची धावपट्टी पुरेल का, याचे गणित मांडतात (ब्रेक किंवा फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उतरता यावे म्हणून पंखांमागे उघडणाऱ्या झडपा, निकामी असल्यास ते बरेच बदलते). आग किंवा धूर असेल तर मात्र वजनाची पर्वा न करता ताबडतोब उतरतात आणि नंतर विमानाची कसून तपासणी होते.