नव्या संत्र्यांची चव लोकांकडून कशी तपासून घ्यावी?

प्रश्न – बागायतदार, काटोल
आमच्या बागेत जुन्या नागपुरी संत्र्याशेजारी लावलेल्या ‘नागपूर सीडलेस’ आणि ‘डेझी’ या वाणांच्या झाडांना यंदा आंबिया बहारात (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यात) चांगली फळे धरली आहेत. लागवड वाढवण्यापूर्वी नागपुरातील ग्राहकांची पसंती मला पाहायची आहे. गेल्या वर्षी एका नातेवाइकांच्या घरी मी नावांच्या चिठ्ठ्या लावून फळे मांडली, तेव्हा फोड तोंडात जाण्याआधीच निम्म्या मंडळींनी ‘बिनबियांचे म्हणजे उत्तमच’ असा निकाल दिला आणि बाकीच्यांनी माझे मन राखायला ‘सगळीच गोड आहेत’ म्हटले. तीस जणांची चाचणी नीट कशी घ्यावी?

प्रतिसाद – अन्नतंत्रज्ञानाची शिक्षिका
नावे तर नकोतच, पण ‘अ’ आणि ‘ब’ही नकोत, कारण ‘अ’ म्हणजे पहिला नंबर असे मनात बसते. 472, 815 असे कोणतेही तीन आकडी क्रमांक द्यावेत. आंबट फळानंतर बेताचे गोड फळही फार गोड लागते, म्हणून प्रत्येकाला नमुने निराळ्या क्रमाने द्यावेत आणि मध्ये साधे पाणी द्यावे. आवड 1 ते 9 गुणांत नोंदवतात. 5 म्हणजे आवडले नाही आणि नावडलेही नाही. मन राखणारी माणसे सगळ्यांनाच 8 देतात, त्यामुळे अखेरीस ‘एकच घ्यायचे तर कोणते?’ हे विचारावेच.

फोड अर्धी कापून वाटू नये, कारण देठाकडच्या भागापेक्षा फळाच्या खालच्या टोकाकडचा भाग अधिक गोड असतो. बाहेरच्या फांद्यांवरची, उन्हातली फळेही आतल्या सावलीतल्या फळांहून गोड असतात. तेव्हा प्रत्येक वाणाची फळे अनेक झाडांवरून आणि सारख्याच जागांवरून तोडावीत. गोडी रिफ्रॅक्टोमीटरने (रसातील साखर मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून ठेवावी, नाहीतर वाणांऐवजी पक्वतेचीच तुलना होईल.

प्रतिसाद – फळविक्रेता, कळमना
मॅडमचे म्हणणे रास्त आहे, परंतु सोललेल्या फोडीला गिऱ्हाईक पैसे देत नाही. ते आधी रंग पाहते, फळ दाबते आणि साल सहज सुटेल का याचा अंदाज घेते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. किन्नो या उत्तरेकडच्या वाणाची घट्ट असते आणि आत बियाही पुष्कळ असतात, तरी चकचकीत रंगामुळे तो उचलला जातो. म्हणून अख्खे फळ लोकांना स्वतः सोलू द्यावे आणि बिया वाटीत टाकायला सांगून मोजाव्यात.

माल रसवाल्यांना द्यायचा असेल, तर रस काढल्याबरोबर आणि पुन्हा काही तासांनी चाखून पाहावा. फोड खाताना न जाणवणारा लिमोनिन या फळातल्याच कडू द्रव्याचा कडवटपणा रस ठेवल्यावर वर येतो.

शिक्षिका
हे मान्य आहे. मात्र सोललेल्या फोडींची फेरी आधी आणि अख्ख्या फळांची नंतर घ्यावी. उलट केल्यास रंग पाहून झालेले मत चवीच्या गुणांत उतरते. आणि नुकताच खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाल्लेल्या माणसाला कृपया बसवू नये.

बागायतदार
आभारी आहे. दोन्ही फेऱ्या घेईन. खर्ऱ्याच्या अटीमुळे माझे दोन चुलतभाऊ यादीतून गेलेच. तर्री-पोहे चाचणीनंतरच मिळतील, हे निमंत्रणातच कळवतो.